तुम्ही विचारलंत म्हणून: कुलुसुकला नुसतं चालून काय बघितलं?

"एवढ्या लांब गेलीस, एवढा खर्च केलास आणि सहा दिवस नुसती पायी फिरलीस? बघण्यासारखं आहे तरी काय तिथे?" हे मला आत्यापासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दर वेळी मी "हिमनग" म्हणून मोकळी होते, कारण ते लगेच पटतं. पण खरं उत्तर ते नाहीये, म्हणून आज बसून लिहितेय.

कुलुसुक म्हणजे पूर्व ग्रीनलंडमधलं एका बेटावरचं गाव, वस्ती अडीचशेच्या आत-बाहेर. आर्क्टिक वृत्त तिथून शंभरेक किलोमीटर वर राहतं, तरी उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह बर्फ घेऊन येतो, त्यामुळे झाड म्हणून दिसत नाही. आइसलंडहून विमानाने दोनेक तास. धावपट्टी खडीची, १९५६ साली अमेरिकनांनी त्यांच्या रडार स्टेशनसाठी केलेली. स्टेशन कधीच बंद पडलं, धावपट्टी मात्र चालू आहे. तिथून गावात अर्धा-पाऊण तास चालत जायचं. बेटाबाहेर जाणारा रस्ताच नाही, शेजारच्या तासिलाक गावाला जायचं तरी बोट नाहीतर हेलिकॉप्टर, आणि हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी.

गावात शिरताना आधी दफनभूमी लागते. पांढरे लाकडी क्रूस, प्लॅस्टिकची फुलं, आणि बहुतेक क्रूसांवर नावच नाही. मी पहिल्याच दिवशी तिथे फोटो काढायला थांबले होते. संध्याकाळी जिच्या घरी उतरले होते तिने समजावलं, की माणूस गेला तरी नाव जात नाही, ते पुढे जन्मणाऱ्या बाळाला देतात आणि नावाबरोबर त्या माणसाचं काहीतरी बाळात येतं, म्हणून आई आपल्याच पोराला "बाबा" अशी हाक मारू शकते. मला एकदम आमची आजी आठवली. तिच्या सासऱ्यांचं नाव माझ्या काकाला ठेवलेलं, तर तिने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही, जन्मभर स्वतःच्या मुलाला "दादा" म्हणत राहिली. त्यानंतर दफनभूमीजवळ मी कॅमेरा बाहेर काढला नाही.

कुत्र्यांबद्दल पण सगळे विचारतात. मोठी कुत्री साखळीला बांधलेली असतात, खडकावर, घराघरांच्या मध्ये, पिल्लं तेवढी मोकळी. ती पाळीव नव्हेत, गाडी ओढणारी आहेत, हात लावायचा नाही, आणि साखळी जिथवर पोचते तिथवर खडक घासून उघडा झालेला असतो, त्या गोलाच्या बाहेरून चालायचं, हे मला शाळेतल्या एका मुलीने हाताला धरून दाखवलं. पूर्व ग्रीनलंडमध्ये दुसऱ्या जातीचं कुत्रं आणायला बंदी आहे, ही जात टिकावी म्हणून. तरी ग्रीनलंडभरात गेल्या वीसेक वर्षांत त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आलीय. समुद्रावरचा बर्फ भरवशाचा राहिला नाही, मग गाडी चालवायची कशावर, आणि वर्षभर एवढ्या तोंडांना मांस घालायचं कुठून.

मांस म्हणजे मुख्यतः सीलचं. एका घराबाहेर लाकडी चौकटीत ताणून वाळत घातलेलं सीलचं कातडं होतं, कडेने दोरी ओवलेली, खाटेला ओवतात तशी. सकाळच्या विमानाने एक ग्रुप आला होता, दुपारी परत जाणारा, त्यातल्या काहींनी ते बघून तोंडं वाकडी केली आणि मला खरंच वाईट वाटलं. युरोपियन युनियनने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली, इनुइट लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, त्यातून सूट दिली खरी, पण गिऱ्हाईकच पळालं तर सूट घेऊन करायचं काय? जिथे भाजीपाला उगवत नाही आणि माल आणणारी जहाजं उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावरच येतात, तिथे जेवण समुद्रातूनच येणार ना. १८८४ साली गुस्ताव होल्म हा डॅनिश अधिकारी कातड्याच्या बोटींतून या भागात पोचला तेव्हा त्याने मोजलेली माणसं होती ४१३. एवढीशी माणसं इथे तगली ती सीलच्या जोरावर.

आता पाण्याचं सांगते, माझ्यासाठी खरी गोष्ट तीच आहे. बहुतेक घरांत नळ नाही. गावात पाण्याची छोटी घरं आहेत, तिथे जाऊन कॅन भरून आणायचे. आंघोळ आणि कपडे धुण्यासाठी वेगळं सार्वजनिक घर. चौथ्या दिवशी मी तिथून जात होते, एक आजी एकटीच दोन कॅन घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग कॅनकडे. मी पाइप धरला, तिने बटण दाबलं, भरून झाल्यावर जड कॅनची दांडी दोघींनी दोन बाजूंनी धरली आणि निघालो. चढ होता, खडकावर लाकडी पायऱ्या, ती मध्येच थांबायची, दम घ्यायची, समोरच्या हिमनदीकडे बघायची, परत निघायची. बोलणार काय, मला तिची भाषा येत नाही आणि तिला माझी. दारात पोचल्यावर "कुयानाक" म्हणाली, म्हणजे आभार, आणि माझी टोपी कानांवर खाली ओढून दिली.

संध्याकाळपर्यंत त्या दांडीचा वळ हातावर होता.