रात्री दीडचं विमान आणि आईची एकादशी

पुण्याहून युरोपला जायचं म्हटलं की फ्लाइट मुंबईची आणि वेळ मध्यरात्रीची, हे जवळपास ठरलेलंच. मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते, त्यामुळे मुंबई-फ्रँकफर्ट हा प्रवास माझ्या अंगवळणी पडलाय. मे महिन्यात मात्र सोबत आई होती. वय ७६, गुडघे कुरकुरणारे, थायरॉइडची गोळी चालू. तिकीट दाखवल्यावर तिचा पहिला प्रश्न, "अगं, दिवसाढवळ्या जाणारं एकही विमान नाही का गं?"

क्वचितच असतं, आणि त्याला कारण आहे. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांची ये-जा बंद असते. २०११ पासून हा नियम आहे. म्हणजे मुंबईहून संध्याकाळी निघून चालत नाही, पहाटे पाचनंतर पोचेल असंच विमान सोडावं लागतं. लंडनच्या हीथ्रोवरही रात्रीच्या विमानांना कडक मर्यादा आहेत. त्यात सकाळी सकाळी तिथे पोचलं की अमेरिकेची आणि बाकीच्या युरोपची पुढची विमानं मिळतात. तिकडून दुपारी निघालेलं विमान मुंबईत मध्यरात्रीच्या सुमारास येतं, इंधन भरून, साफसफाई होऊन थोड्या वेळात तेच परत फिरतं. विमान जमिनीवर जितकं कमी उभं राहील तितकं कंपनीला बरं. आपली झोप या हिशेबात कुणी धरलेलीच नाही.

तारखेचा घोळ आधी मिटवावा लागतो. तिकिटावर १५ तारीख आणि ०१:३० असेल तर घरातून निघायचं १४ च्या संध्याकाळी. हे आईला पटवणं सोपं नव्हतं. पंचांगात दिवस बदलतो सूर्योदयाला, विमान कंपनीच्या लेखी रात्री बाराला. मी ड्रायव्हरला तारीख न सांगता वार आणि वेळ सांगितली, "गुरुवारी संध्याकाळी पाच," आणि त्याच्याकडून परत वदवून घेतली.

पाच वाजता निघायचं, कारण एक्सप्रेसवेवर घाटात कधी काय तुंबेल सांगता येत नाही, आणि मुंबईत शिरल्यावरची गर्दी वेगळीच. टर्मिनल २ ला नऊ-साडेनऊला पोचलो. म्हणजे 'रात्रीची फ्लाइट' प्रत्यक्षात सुरू होते संध्याकाळी पाचला, आणि विमानाची चाकं उचलेपर्यंत आठ-साडेआठ तास तुम्ही टक्क जागे. रात्रीच्या प्रवासाने दिवस वाचतो असं म्हणतात. सकाळी घरची कामं उरकता आली, बँकेत जाऊन आले, इतपत ते खरं. पण हे साडेआठ तास त्या हिशेबात कुणी मांडत नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली होती, ते फार बरं झालं. चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी या सगळ्या रांगांतून मदतनीस मुलाने आईला भराभर नेलं. पुढे गेटपाशी मात्र तो "आलोच" म्हणून गेला तो बोर्डिंग सुरू होईपर्यंत उगवला नाही. रात्री बाराला तिथे सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असतात. लहान मुलं किरकिरत असतात, आणि झोप अनावर झालेली माणसं बॅगांवर डोकी टेकून बसलेली.

त्या दिवशी एकादशी होती. निघताना आईने साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. विमान सुटलं, आता झोपावं म्हणून मी पांघरूण ओढलं, तर पावणेतीनच्या सुमारास दिवे लागले, ट्रॉल्यांचा खडखडाट सुरू झाला आणि पनीरच्या ग्रेव्हीचा वास केबिनभर पसरला. माझ्या दृष्टीने रात्रीच्या फ्लाइटचा सगळ्यात मोठा तोटा हाच. रात्री तीनला जेवण! एअर होस्टेसने ट्रे पुढे केला तेव्हा आईने हात जोडून शांतपणे मराठीतच सांगितलं, "सूर्योदय झाल्याशिवाय नाही सोडायची मी एकादशी." ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी एवढंच म्हटलं, पाणी द्या आणि यांना झोपू द्या. आई लगेच झोपलीसुद्धा. मी ट्रे घेतला आणि पुढचा तासभर तो उचलला जायची वाट बघत बसले. तेव्हापासून मी जेवण एअरपोर्टवरच आटोपते आणि सीटच्या पट्ट्याची बक्कल पांघरुणाच्या वर ठेवते, म्हणजे त्यासाठी तरी कुणी उठवत नाही.

थायरॉइडच्या गोळीचा प्रश्न मी आधीच डॉक्टरांना विचारला होता. पोट रिकामं हवं आणि नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही, ही अट. विमानात सकाळ नेमकी कधी होते? डॉक्टर म्हणाले, प्रवासापुरतं भारतातलंच घड्याळ धरा. साडेसातला मी गोळी दिली. बाहेर अजून अंधार होता, कारण पश्चिमेकडे जाताना रात्र लांबत जाते. झोपणाऱ्यासाठी हा मोठाच फायदा. नाश्त्याची ट्रॉली आली तेव्हा खिडकीची झडप वर केली, तर खाली ढग आणि कडेला तांबडं फुटलेलं. आईने नमस्कार केला, पाव आणि फळं खाऊन पारणं केलं. गोळी आणि एकादशी दोन्ही बिनबोभाट पार पडल्या.

शरीराचं म्हणाल तर विमानातली हवा फार कोरडी असते, घसा आणि डोळे चुरचुरतात, म्हणून पाणी पीत राहायचं. पाय तासन्तास लोंबकळत राहिले की सुजतात, आणि वयस्कर माणसांत पोटरीत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. आईला घट्ट मोजे घालायला लावले होते आणि जाग आली की घोटे फिरवायला सांगितलं होतं. सीट आइलची घेतली. पोचायच्या तास-दीड तास आधी टॉयलेटला ही रांग लागते, त्यामुळे नाश्त्याच्या आधीच तिला नेऊन आणलं.

फ्रँकफर्टला सकाळी सातला उतरलो. एअरपोर्टवरूनच ट्रेन मिळते, सव्वा तासात स्टुटगार्ट. मुलीच्या घरी पलंग तयार होता, म्हणून हे सगळं निभावलं. आमच्या सोसायटीतलं एक जोडपं टूरवर गेलं होतं. सकाळी सातला उतरले आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळाली. तोवर ते लॉबीत सोफ्यावर पेंगत होते. सकाळी पोचून अख्खा दिवस हाती लागतो हे खरं, पण त्या दिवसाचं करायचं काय आणि टेकायचं कुठे, हे ठरलेलं नसेल तर रात्रीच्या फ्लाइटच्या वाटेला जाऊ नये.

आणि प्रवास दोन तासांचा असेल तर मुळीच जाऊ नये. ऑफिसच्या कामासाठी पुणे-दिल्ली रात्री उशिराची फ्लाइट मी घेतली आहे. तिकीट स्वस्त होतं. डोळा लागतो न लागतो तोच उतरायची सूचना, हॉटेलवर पोचायला पहाट, आणि त्या उरलेल्या रात्रीचं भाडं मात्र पूर्ण. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असलं की तेवढीही खात्री नाही. आठ-नऊ तासांच्या विमानात निदान चार-पाच तास तरी झोप पदरात पडते.

परतीचं विमान दिवसाचं, दुपारी निघणारं. आईला वाटलं, हे बरं. पण मुंबईत उतरतं मध्यरात्री, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दोन वाजतात, मेट्रो केव्हाच बंद झालेली असते, आणि आपण घाटात असतो पहाटे चारच्या आसपास. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप येण्याची हीच वेळ. खरा धोका नऊ तासांच्या उड्डाणात नसून या तीन तासांच्या रस्त्यात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आम्ही पार्ल्याला मामेबहिणीकडे उतरलो, सकाळचा चहा-पोहे झाल्यावर निघालो. पूर्वेकडे येताना जेट लॅग जास्त छळतो. आई आठवडाभर रात्री दोनला उठून वाती वळत बसायची.

डिसेंबरची तिकिटं काढून झाली आहेत. जायचं तेच मध्यरात्रीचं. येताना पार्ल्याचा मुक्काम बहिणीला आत्ताच सांगून ठेवलाय, आणि ड्रायव्हरला सकाळी नऊची वेळ दिली आहे.