जमाखर्चाची वही: सोळा आठवड्यांनंतर

गेल्या रविवारी सोळावा आठवडा बंद केला. वहीतली शिल्लक आणि हातातली शिल्लक सलग पाचव्या रविवारी जुळली. बेरजेखाली दोन रेघा ओढून पेनाला टोपण लावतानाचं सुख ज्यांना हा नाद आहे त्यांना वेगळं सांगायला नको. या वहीबद्दल मागे आठव्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यानंतर बरंच बदललंय. नव्याने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आधीचंही थोडक्यात सांगते.

पहिले तीन आठवडे फोनमधलं एक अ‍ॅप वापरलं. त्यात खर्चाचे बावीस प्रकार होते. मैत्रिणीसाठी घेतलेली वस्तू ‘भेट’ म्हणून टाकायची, ‘सामाजिक’ म्हणून की ‘इतर’ म्हणून, हे ठरवण्यातच वेळ जायचा. मग ‘रात्री एकदम भरू’ असं व्हायचं आणि रात्री दोन-तीन रकमा आठवायच्याच नाहीत. अ‍ॅप वाईट नव्हतं. पण ते फक्त खर्च विचारत होतं, शिल्लक विचारतच नव्हतं. एखादी रक्कम लिहायची राहिली, तर ती राहिलीय हे कळायला मार्गच नव्हता.

चौथ्या आठवड्यापासून खिशात मावेल अशी वही घेतली. रकाने चारच: तारीख, कशासाठी, रक्कम, शिल्लक. नियम एकच: पाकीट किंवा फोन खिशात परत जाण्याआधी ओळ लिहायची. रविवारी रोकड मोजायची, त्यात खात्यातली रक्कम मिळवायची आणि शेवटच्या रकान्याशी ताळा करायचा. माझ्या मते सगळी करामत या चौथ्या रकान्याची आहे. खर्चाच्या नुसत्या यादीत विसरलेली रक्कम कायमची लपून राहते. शिल्लक लिहिली की ती रविवारपर्यंत समोर येतेच.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तेव्हापासून मला या कामाची खरी गोडी लागली. ताळा केला तर हातात 63 कमी. वही तीनदा तपासली, बेरजा-वजाबाक्या बरोबर. मग जुन्या हिशेबनिसांची युक्ती आठवली: फरक नऊने भागतो का ते पाहा. दोन अंकी संख्येतले आकडे उलटे लिहिले गेले की येणारा फरक नेहमी त्या दोन आकड्यांमधल्या अंतराच्या नऊपट असतो. 63 म्हणजे सात नवे त्रेसष्ट, म्हणजे अंतर सातचं. असे आकडे किती? 8 आणि 1, 9 आणि 2, 7 आणि 0. एवढंच शोधायचं होतं! त्या आठवड्यात 29 किंवा 7 ची नोंदच नव्हती. 18 ची एक होती, प्रकल्पाच्या छापील पानांची. पिशवीच्या आतल्या कप्प्यात पावती सापडली, तीवर 81. उभ्या उभ्या, पिशवी खांद्याला अडकवून लिहिलेली ओळ होती ती.

शून्य जास्त पडलं तरी हीच कसोटी चालते: 20 च्या जागी 200 लिहिले तर फरक 180, तोही नऊने भागतो. नऊने भागला म्हणजे चूक नक्की अशीच असेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. खर्च चुकून जमेला धरला की फरक बरोबर दुप्पट येतो.

प्रकारांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते आता चारच ठेवलेत. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची वही तयार केली. ‘काकेइबो’ या नावाने ती पद्धत आज जगभर वापरतात. आज ती ज्या रूपात सांगितली जाते त्यात खर्चाचे चार भाग असतात: गरजेचा, हौसेचा, मनाला खाद्य देणारा आणि अचानक आलेला. मी ओळीपुढे ग, ह, म, अ एवढंच अक्षर घालते. विचार करावा लागत नाही, आणि महिनाअखेरीला चार बेरजा शेजारी मांडल्या की पुरेसं दिसतं. माझ्या वहीत ‘अ’ सगळ्यांत फुगलेला निघाला. पण त्यातली निम्मी कामं अचानक आलेली नव्हतीच. परीक्षेचा अर्ज, ओळखपत्राचं नूतनीकरण, सगळ्यांच्या तारखा आधीपासून माहीत होत्या. आता वर्षभराच्या अशा रकमा पहिल्या पानावर लिहिल्यात, आणि एकूण बेरजेचा बारावा भाग दर महिन्याला बाजूला काढते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सामाईक खर्चाने. विद्यार्थ्यांचे निम्मे हिशेब इथेच बिघडतात असं मला वाटतं. समजा चौघांनी मिळून साहित्य घेतलं आणि 400 मी दिले. आधी मी अख्खे 400 खर्चात टाकायचे आणि मित्रांनी परत दिले की जमेत धरायचे. शिल्लक जुळायची, पण महिन्याचं चित्र खोटं व्हायचं: खर्चही फुगलेला, जमाही फुगलेली. अकराव्या आठवड्यापासून वहीच्या मागच्या पानावर ‘येणे’ आणि ‘देणे’ असे दोन भाग पाडले. आता त्याच व्यवहारात रोकड 400 ने कमी, खर्च 100, येणे 300. पैसे परत आले की येणे कमी होतं, रोकड वाढते, खर्चाला हात लागत नाही.

हे जमल्यावर लक्षात आलं की मी नकळत द्विनोंदी पद्धतीच्या दारात येऊन उभी आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, हे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचं तंत्र लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली छापून लोकांपुढे ठेवलं. पाचशे वर्षांपूर्वीचं ते तंत्र माझ्या खिशातल्या वहीत कामाला येतंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाराव्या आठवड्यात आणखी एक भर घातली: आठवड्याचा आकडा. ज्यांच्या हाती सत्राचे पैसे एकदम येतात त्यांनी हा जरूर करून पाहा. शिल्लक 9,000 असेल, त्यातले 3,000 ठरलेल्या देण्यांचे असतील आणि 12 आठवडे उरले असतील, तर आठवड्याला 500. आता या आठवड्यात 620 गेले तर? उरलेल्या 5,380 ला 11 ने भागा, पुढचा आकडा 489. म्हणजे 120 जास्त गेले, पण पुढच्या प्रत्येक आठवड्यावर साधारण 11 चाच भार आला. हेच सत्राच्या शेवटून दुसऱ्या आठवड्यात झालं असतं तर सगळे 120 एकट्या शेवटच्या आठवड्यावर पडले असते. म्हणून आकडा एकदा ठरवून सोडून देत नाही, दर रविवारी नव्याने काढते.

फोनवरून दिलेले पैसे आपोआप नोंदले जातात, मग हाताने का लिहायचे, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांकडून बोली मागवल्या. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या बोली लावल्या. रक्कम हातातून जाताना दिसली नाही की ती हलकी वाटते. माझ्यापुरतं सांगायचं तर ओळ लिहून नवी शिल्लक काढताना ती पुन्हा जड होते. तेवढ्यासाठी मी हाताने लिहिते.

महिनाअखेरीला मात्र सगळं स्प्रेडशीटमध्ये उतरवते, ग-ह-म-अ च्या बेरजा एका सूत्रात निघतात. (पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, 1979 ची व्हिसिकॅल्क, डॅन ब्रिकलिन यांना विद्यार्थी असतानाच सुचली होती.)

या घडीला मागच्या पानावर ‘येणे’मध्ये दोन रकमा उघड्या आहेत, त्यातली एक बरीच जुनी. ती मागायची, की खर्चात टाकून ओळ बंद करायची, हे ठरत नाहीये. तूर्त तिच्यापुढे पेन्सिलीने फुली केलीय. तुम्ही अशा रकमा किती दिवस उघड्या ठेवता?