आमची वाटचाल : मधाच्या पेट्या, कांद्याचे गोंडे

आम्ही धंद्यात उतरलो ते मध विकायला. मेलिफेरा जातीच्या, म्हणजे पाळीव युरोपियन मधमाशांच्या, दहा पेट्या घेतल्या. मध निघायचा, पण पावसाळ्यात माशांना साखरेचा पाक पाजता पाजता नफा त्यातच विरघळून जायचा.

पेट्या भाड्यानं द्या, हे सुचवलं एका कांदा बीजोत्पादकानं. आमच्या जालना-बुलढाणा पट्ट्यात डोंगळे, म्हणजे बियांसाठी लावलेला कांदा, बरेच. त्या बीजोत्पादकाच्या रानातले गोंडे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे झुबके, भरघोस फुललेले, बी मात्र पोचट. कांद्याच्या फुलातले पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. तेव्हा दुसऱ्या फुलाचे पराग कुणीतरी आणून द्यायलाच हवेत. पूर्वी हे काम आग्या, फुलोरी या रानमाशा फुकटात करायच्या. बांधावरची झाडं गेली, फवारे वाढले, माशा कमी झाल्या.

पहिल्या वर्षी भाडं सांगितलं की लोक हसायचे. "माझ्याच फुलांवर तुमच्या माशा चरणार, वर पैसे मीच द्यायचे?" म्हटलं, अर्धे आता द्या भाऊ, अर्धे बी मोजल्यावर. एक सोडून सगळ्यांचे आले. (त्या एकाचे अजून यायचेत.)

'आयपीबीईएस' या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१६ च्या अहवालात, माशांसारख्या जिवांकडून होणाऱ्या परागीभवनावर थेट अवलंबून असलेल्या जगातल्या शेतमालाची किंमत वर्षाला २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरली आहे. बांधावर हा आकडा सांगून उपयोग नाही. तिथं प्रश्न एकच, एकरी बी किती वाढेल? आम्ही आकड्याची हमी देत नाही. थोडा भाग जाळीनं झाकून ठेवा म्हणतो, मग काढणीला दोन्हींकडचे गोंडे तुम्हीच चोळून बघा.

चुका आमच्याही झाल्या. कांद्याचा मकरंद माशांना फारसा रुचत नाही. पेट्या लवकर ठेवल्या आणि शेजारचे धने फुलात असले, की सगळ्या तिकडे. आता थोडे गोंडे उमलले की मगच पेट्या उतरवतो. तिसऱ्या हंगामात शेजारच्या रानात फुलकिड्यांसाठी भर सकाळी फवारणी झाली. दुपारी पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा सडा. अठरा वसाहती गेल्या. तेव्हापासून करार लेखी. फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, आणि माशा परतल्यावर संध्याकाळी. शेजाऱ्यांच्या वस्तीवरही आम्हीच जाऊन सांगून येतो.

पेट्या हलवायच्या त्या रात्रीच, दारं बंद करून. भाड्याच्या गाडीवाल्यांना माशांची भीती, म्हणून गेल्या वर्षी स्वतःचा टेम्पो घेतला. त्याचे हप्ते सध्या डोंगळ्यांवर चाललेत, मधावर नाही.