पिव्होटमध्ये कऱ्हाड दोनदा का येत होतं: पट्ट्यांच्या फायली लिनक्सवर नेताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाच्या सगळ्या एक्सेल फायली मी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखाच प्रोग्रॅम) नेल्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानातल्या पीसीत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ बसण्यातलं नव्हतं. मिंट बसलं, फायली उघडल्या, वजन-दर-हमाली-तोलाईची सूत्रं चालली. अडलं ते शेतकऱ्यांच्या नावांपाशी.

जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणारे कागद, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. अशा फायलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. तो फॉन्ट नव्या पीसीवर टाकला की नावं लगेच दिसू लागतात. पण तेवढ्यावर थांबू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव त्यात सापडत नाही आणि यादी अकारविल्हे लागत नाही.

म्हणून नावं युनिकोडमध्ये बदलायची. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. हा बदल करून देणारा कन्व्हर्टर प्रोग्रॅम इथे चुकला की नाव वाचूनच कळतं. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकीचा.

गावनिहाय पिव्होट (गावागणिक बेरजांचा तक्ता) काढला तर कऱ्हाड दोनदा आलं, दोन वेगळ्या बेरजांसह. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी. चिन्हं मोजणारं लेन (LEN) सूत्र लावलं तेव्हा एकात ६ आणि दुसऱ्यात ७ आलं. हाताने टाइप केलेल्या नावात ऱ (युनिकोड आकडा २३५३) आणि हलन्त (२३८१) होता. कन्व्हर्टरने मात्र र (२३५२), हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक (८२०५) घातला होता. शेतकऱ्याची, दऱ्याप्पा, वऱ्हाडे, सगळीकडे हेच. हे शोधायला दोन दिवस गेले, आणि कन्व्हर्टरच्या सूचनांत याचा एक शब्द नव्हता, याची चीड अजून आहे.

उपाय सब्स्टिट्यूटचा (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं सूत्र), पण क्रम पाळा. आधी २३५२, २३८१, ८२०५ या तिघांच्या जागी २३५३ आणि २३८१ घाला. त्यानंतरच उरलेले ८२०५ आणि ८२०४ (अक्षरं जोडू न देणारं, तसंच न दिसणारं चिन्ह) काढा. उलट केलंत तर कऱ्हाडचं ‘कर्हाड’ होतं आणि मग खरा रफार कुठला, हे ओळखता येत नाही. सूत्रात अक्षर टाइप करू नका, युनिचार (UNICHAR, आकड्यावरून अक्षर देणारं सूत्र) वापरून आकडा द्या. न दिसणारी चिन्हं टाइप करताना हमखास चूक होते. ॲ चंही तपासा, तो एकाच अक्षरचिन्हाने लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही.

अंकांचे रकाने कन्व्हर्टरमध्ये घालू नका. अंक मजकूर होतात आणि बेरीज त्यांना धरत नाही.

हे खरं तर सुरुवातीलाच करायचं: हजारो ओळी बदलण्यापेक्षा नावांची एकेकदाच येणारी यादी काढा, ती बदला, डोळ्यांखालून घाला आणि मग जुन्यावरून नवं नाव भरा. यादी स्टँडर्ड फिल्टरमधून, ‘नो डुप्लिकेशन्स’ आणि ‘केस सेन्सिटिव्ह’ दोन्हींवर टिक करून. जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि कॅपिटल इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी चिन्हं असतात. यादीतून नाव शोधणारं व्हीलुकअप सूत्र त्यांना एकच धरतं आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर जाते. मी त्याऐवजी इंडेक्स-मॅच सूत्रात एक्झॅक्ट (लहान-कॅपिटलचा फरक धरणारं) घालून कंट्रोल-शिफ्ट-एंटर केलं.

नाव बदललं तरी सेलला जुना फॉन्ट चिकटलेला राहतो, त्यामुळे ‘१२-ब’ मधली आडवी रेघ भलतीच दिसते. फॉरमॅट सेल्समध्ये वेस्टर्न (इंग्रजीसाठीचा) आणि सीटीएल (मराठीसारख्या लिप्यांसाठीचा), दोन्ही फॉन्ट बदला.

लिनक्सला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं, शिवाय डी ड्राइव्हचे पत्ते तिथे नसतात. दरपत्रकाच्या लिंका एडिट मेनूतून पुन्हा जोडाव्या लागतात. पहिल्यांदा उघडताना फॉर्म्युलाच्या ऑप्शनमध्ये ‘ऑलवेज रिकॅल्क्युलेट’ ठेवा, नाहीतर जुनेच आकडे दिसतील.

पट्टी छापायला डॉट मॅट्रिक्स असेल तर कप्समध्ये (CUPS, लिनक्सची छपाई व्यवस्था) एप्सन ९-पिन ड्रायव्हर निवडा आणि कागदाची लांबी हाताने भरा.