तुम्ही विचारलंत म्हणून: फळं चोरीला जात नाहीत का?

गोव्यात फोंड्यातल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही फळझाडांचं छोटं रान केलंय हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "फाटकाला कुलूप नाही म्हणता, मग फळं चोरीला जात नाहीत?"

जातात. पहिली चोरी हळदीच्या पानांची झाली, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी पाहते तर अर्धा वाफा बोडका. मी चिडले. शेजारच्या वहिनी मात्र हसत म्हणाल्या, "पानांच व्हेलीं न्ही गे? हळद जमनींत आसा." म्हणजे, पानंच नेली ना गं, हळद जमिनीत आहे. कुणाच्या तरी घरी पातोळ्या, हळदीच्या पानांत वाफवायचा तो गोड पदार्थ, झाल्या असणार. आणि खरं सांगायचं तर त्या जागेत तोवर लोक रात्री कचऱ्याच्या पिशव्या टाकायला येत. काही न्यायला कोणी आलं ते पहिल्यांदाच.

सुरुवातीला आम्ही कुळागराची, म्हणजे गोव्यातल्या पारंपरिक बागेची, नक्कल केली होती. वर माड, त्याखाली पोफळी, मग केळी, तळाला हळद, आलं, अननस. पण कुळागराला झर असतो, पाट असतात. आमच्याकडे एक नळ आणि चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची जमीन, पहारीने खड्डे काढताना ठिणग्या उडतात अशी. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, पण या जमिनीत पाणी ठरत नाही, आणि नंतरचे सात-आठ महिने कोरडे. दुसऱ्या उन्हाळ्यात पोफळी गेल्या. फणस, भिरंड म्हणजे कोकम, आणि शेवगा राहिले. अळू नळाच्या सांडपाण्यावर माजलंय.

भिरंडीने मात्र वेगळीच फजिती केली. फुकट मिळाली म्हणून बियांची रोपं लावली. भिरंडीत नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि फुलं येईपर्यंत कोणतं काय ते कळत नाही. बियांच्या झाडाला त्यासाठी सहा-सात वर्षं लागतात. आमची नऊ झाडं फुलली, त्यांतली पाच नर! मादीचं कलम आणलं असतं तर ही वर्षं वाचली असती. दोन नर परागासाठी ठेवले, बाकीच्यांवर मादीच्या काड्यांची कलमं करतोय. चार माद्यांची फळं एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. मुलं ती तिथेच फोडून खातात आणि नाही म्हणतात. पण तो लाल रस हातावरून सहजी जात नाही. रंगेहाथ म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघा.

मग आम्ही काय केलं? जे थोडं थोडं नेता येतं तेच वाढवलं: शेवग्याची पानं, अळू, कढीपत्ता, बिंबलं (आंबट फळं), हळद. चार पानं नेली तर त्याला चोरी म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. आंबा मुद्दाम लावला नाही. मानकुराद या गोव्याच्या लाडक्या आंब्यावरून सख्खे भाऊ भांडतात, तिथे आमची कॉलनी किस झाड की पत्ती! आणि माणसांपेक्षा माकडंच जास्त नेतात, त्यांना कुलूप कसलं लावणार?

वाईट एकदाच वाटलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, देवापुढे ठेवायला म्हणून राखलेला केळ्यांचा अख्खा घड आदल्या रात्री कापून नेला. एकदा व्यालेली केळ तोडावी लागते, तेव्हाच बाजूच्या पिल्लांना जोर येतो. घड नेला तो नेला, खोड मात्र आम्हालाच तोडायला ठेवलं.