तुम्ही विचारलंत म्हणून: कीबोर्डमध्ये फोम कुठला घातलाय?

हा प्रश्न मला वरचेवर येतो. कीबोर्ड मेकॅनिकल आहे, म्हणजे प्रत्येक कीखाली स्प्रिंगवाला वेगळा स्विच; मी भराभर आणि जोरात टाइप करते, तरी शेजारी बसलेल्याला फारसं ऐकू येत नाही. मग विचारणा होते, फोम कुठला? म्हणजे सगळी करामत फोमची, हे विचारणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. त्यावर मी आधी एकच गोष्ट विचारते: त्रास नक्की कुणाला होतोय? तुम्हाला स्वतःला, कॉलवरच्या माणसाला, की भिंतीपलीकडच्या माणसाला? कीबोर्ड एकच असला तरी तिघांना वेगवेगळे आवाज ऐकू येत असतात.

हे मला कळलं तेही फोममुळेच. सुरुवातीला मीही कीबोर्ड उघडून केसच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, पोकळीत फोम भरला, प्लेट (स्विच जिच्यात बसतात ती पट्टी) आणि पीसीबी (खालचं सर्किट बोर्ड) यांच्या मध्ये फोम घातला आणि पीसीबीच्या पाठीवर मास्किंग टेपचे तीन थर चढवले. माझ्या कानाला फरक लगेच जाणवला. डबा वाजवल्यासारखी पोकळ खणखण गेली, आवाज भरीव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खोलीत झोपणारी बहीण म्हणाली, "अगं, काल रात्रीही तसंच चाललं होतं. टकटक नाही गं येत, भिंतीतून धप् धप् येतं." सगळी संध्याकाळ खपून मी जो आवाज कमी केला होता, तो तिच्यापर्यंत कधी पोचतच नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

की तळाला आपटते तेव्हा तो धक्का स्विचमधून प्लेटमध्ये, प्लेटमधून केसमध्ये आणि कीबोर्डच्या पायांमधून टेबलात उतरतो. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर ती कितीशी ऐकू येणार? भोपळा आणि तबली तिचा नाद मोठा करतात. टेबलाची फळी कीबोर्डसाठी तेच काम करते, आणि टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर भिंतही त्यात सामील होते. केसमधला पातळ फोम वरच्या पट्टीतला, टोचणारा आवाज शोषतो. खालच्या पट्टीतल्या त्या धपधपीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिला टेबलात शिरण्याआधीच अडवावं लागतं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक जाडसर टॉवेल चार पदरी घडी करून कीबोर्डखाली ठेवा आणि दोन परिच्छेद टाइप करा. शक्य असेल तर कुणाला तरी पलीकडच्या खोलीत उभं करा. जेवढा आवाज उतरला, तेवढा टेबलाचा वाटा. माझ्याकडे तो वाटा मोठा निघाला. मग टॉवेलच्या जागी जाड डेस्क मॅट आली, टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे सरकलं आणि कीबोर्डच्या मागचे उघडमीट होणारे पाय मी कायमचे मिटले, कारण तेही खडखडत होते. बहिणीची तक्रार त्याच रात्री थांबली. कॉलवरच्यांना त्रास होत असेल तर मायक्रोफोन टेबलावरून उचलून वेगळ्या स्टँडवर घ्या. टेबलावर ठेवलेल्या माइकला हवेतून आलेला आवाज मिळतोच, शिवाय फळीतली थरथरही थेट पोचते.

एवढं झाल्यावर जे उरेल, ते कान देऊन ऐकायचं. एकेक की दाबून पाहा. अक्षरांच्या किया साधारण सारख्याच वाजतील. मग स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्टवर या. तिथे 'खर्र' किंवा 'टिक्टिक्' असा सुटा, पत्र्यासारखा आवाज आला तर तो स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब की तोलून धरणाऱ्या जोडणीचा. नेहमीच्या कीच्या सव्वासहा पट लांब, म्हणजे जवळजवळ १२ सेंटीमीटरचा स्पेसबार एका स्विचवर तोलत नाही. दोन्ही टोकं एकदम खाली जावीत म्हणून त्याच्याखाली एक वाकवलेली तार असते. ती प्लास्टिकच्या खोबणीत सैल असली की प्रत्येक दाबाला खडखडते. माझ्या मते कीबोर्डमधला सर्वांत त्रासदायक आवाज हाच, आणि सर्वांत कमी सामानात बरा होणाराही हाच. तार काढून सपाट काचेवर ठेवायची. एक टोक उचललेलं दिसलं तर बोटांनी हळूहळू सरळ करायची. मग तिच्या दोन्ही टोकांना, खोबणीत बसतो त्या भागावर, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या घट्ट ग्रीसचा) लेप द्यायचा. स्टॅबिलायझर पीसीबीवर जिथे आपटतो तिथे कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला तर आपटही मऊ होते. पहिल्यांदा मी ग्रीस इतकं भरलं की स्पेसबार दाबल्यावर सावकाश वर यायला लागला. सगळं पुसून पुन्हा बसवावं लागलं. यंत्रांवर मारायचा पातळ तेलाचा फवारा इथे अजिबात वापरू नका. तो टिकत नाही, जिथे नको तिथे पसरतो आणि धूळ धरतो.

स्विचचा आवाज मात्र दुहेरी असतो. की खाली जाताना दांडा, म्हणजे स्टेम, तळाला आपटतो आणि सोडल्यावर वरच्या झाकणाला आपटतो. की हळूच तळापर्यंत दाबा आणि बोट झटकन काढा: जो आवाज आला तो फक्त परतीचा. तो ऐकून बरेच जण चकित होतात. कीकॅपखाली घालायच्या रबरी ओ-रिंगचा उपयोग म्हणूनच अर्धाच. त्या खालची आपट मऊ करतात, परतीच्या आपटीला हात लावत नाहीत, आणि कीचा तळ लिबलिबीत, चिखलासारखा लागतो. मी आठवडाभरात काढून टाकल्या. सायलेंट स्विचमध्ये दांड्यालाच दोन्ही दिशांना मऊ गाद्या असतात. चेरी कंपनीच्या साध्या रेड स्विचमध्ये दांड्याचा प्रवास ४ मिलिमीटरचा, सायलेंट रेडचा ३.७. ती ०.३ मिलिमीटरची तूट त्या गाद्यांपायीच.

ल्यूबचंही, म्हणजे स्विचच्या आत लावायच्या वंगणाचंही, खूप विचारतात. क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० हे घट्टसर वंगण बारीक ब्रशने लावल्यावर घासल्याची खरखर आणि स्प्रिंगची 'टिंग्' जाते. आपट मात्र फारशी कमी होत नाही, ही अपेक्षा आधीच नीट करून घ्या, कारण ८७ कींच्या कीबोर्डचे सगळे स्विच एकेक करून उघडणं म्हणजे दोन-तीन संध्याकाळी. लेप इतका पातळ हवा की प्लास्टिक ओलसर दिसावं, पांढरं दिसू नये. टॅक्टाइल स्विच, म्हणजे दाबताना मध्येच उंचवटा जाणवणारा, असेल तर दांड्याच्या दोन पायांना ल्यूब लावू नका. ते पाय धातूच्या पत्तीवरून सरकतात तेव्हाच तो उंचवटा बोटाला जाणवतो. माझे पहिले वीसेक स्विच असेच बुळबुळीत झाले आणि मला ते धुवून परत जोडावे लागले.

आणि स्विच निळे, क्लिकवाले असतील तर? तिथे मी स्पष्टच सांगते, फोमवर वेळ घालवू नका. चेरी एमएक्स ब्लूच्या दांड्यावर एक सुटा तुकडा असतो. तो झटक्यात खाली पडावा आणि 'कट्' वाजावं, अशीच त्याची रचना आहे. आवाज हा त्याचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. कीबोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच सोल्डरशिवाय काढता-घालता येणारा, असेल तर स्विच उपटून सायलेंट बसवायला तासभर पुरतो. सोल्डर केलेला असेल तर तो कीबोर्ड दिवसाच्या कामाला ठेवा आणि रात्रीसाठी दुसरा घ्या. मी तेच केलंय. क्लिकची मला आवडच आहे, ती मारायचं माझ्या जिवावर येतं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. हो, माझ्या रात्रीच्या कीबोर्डमध्ये फोम आहे, केसच्या तळाशी एकच थर. मॅट, स्टॅबिलायझर आणि स्विच झाल्यावर उरलेली थोडीशी पोकळ खणखण त्याने गेली. पीसीबीवरची टेप मी काढून टाकली. ती काढल्याचं बहिणीला कळलंही नाही.