सालबर्डीची ढोरवाट

रविवार, ४ जानेवारी. रात्रीचे साडेनऊ, अमरावती.

जिना कठडा धरून, एकेक पायरी करत चढलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पडलात काय जी?" पडलो नाही, चढलो होतो, असं सांगायचं होतं. तेवढाही दम नव्हता.

बेत माझाच होता. ऑनलाइन मागवलेला तंबू दिवाळीपासून कपाटावर पडून. सुटीच्या दिवशी चिखलदऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मोर्शीकडच्या मामाजींच्या संत्र्याच्या बागेत दोन रात्री मुक्काम करायचा आणि मधल्या दिवशी सालबर्डीच्या महादेवाचा डोंगर. बायकोने विचारलं, "चढ किती आहे?" मी म्हटलं, "काही नाही, तासाभराचा. सहा वर्षांचा असताना शिवरात्रीला चढलोय मी." हे वाक्य नंतर मला दोन दिवस ऐकवण्यात आलं.

शुक्रवारी दिवस बुडताना पोचलो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. अडुसष्ट वर्षांचे मामाजी वाकले आणि दरवेळेसारखं मला कुठे बघावं कळेना. बाग ताणावर होती. आंबिया बहार घ्यायचा तर या दिवसांत झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होऊन वळतात, मग पाणी सोडलं की फूल फुटतं. धाकट्याला वाटलं झाडं मेली. "नाई रे बाबू, ताण देल्ला आहे," मामाजी म्हणाले.

तंबू धुऱ्याजवळ ठोकला. रात्री थंडी अशी की श्वासाचं पाणी होऊन कापडावरून थेंब थेंब अंगावर. बाजूच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून मामाजी जागलीला, मधूनच डबा बडवत. डबा वाजला की पोरं दचकत, थांबला की मी. बाबा मात्र खोलीत बाजेवर दोन गोधड्या घेऊन घोरत होते. त्यांनी तंबूकडे एकदा बघून "बरं आहे" एवढंच म्हटलं होतं.

शनिवारी निघता निघता साडेनऊ झाले. माडू नदी दगडांवरून ओलांडली. सालबर्डीच्या परिसरात लॅमेटा खडकांच्या थरांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडलेत, हे पोरीला मीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती प्रत्येक गोल दगडापाशी बसायची. साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुनं काहीतरी हाती लागणार, या आशेने पहिला तास तिथेच गेला. एका ढोरक्याने वाट सांगितली होती, "नाल्या-नाल्यानं जा, मंग डाव्या हातानं." डाव्या हाताची वाट मला उगाच वळसा घालणारी वाटली. उजवीकडे एक सरळ वर जाताना दिसत होती.

ती ढोरवाट होती. ढोरवाट कुठे पोचत नाही, चरत चरत जाते. अर्ध्या तासात ती रायमुनियाच्या जाळीत शिरून संपली आणि परत फिरायचं सोडून मी म्हणालो, "वर तर दिसतंय." वर सुटा मुरूम होता, त्यावर सागाची ताटाएवढी वाळकी पानं. पान दिसायचं, खालचा दगड दिसायचा नाही. चौघंही हातापायांवर. पोरीचा गुडघा खरचटला, तो धुण्यात तीनपैकी एक बाटली गेली. मग माझ्या उजव्या बुटाचा तळ उघडला, मगरीने जबडा उघडावा तसा. बायकोने काही न बोलता ओढणी काढून तो बांधला. तिचं ते न बोलणं मला चढापेक्षा जड गेलं.

एकदा झुडपात पाचोळा जोरात वाजला. सातपुड्यात अस्वलं आहेत हे मला माहीत होतं, पोरांना नव्हतं. मी दोन्ही हात पसरून पुढे उभा राहिलो. लांडोर निघाली.

धाकटा बसूनच राहिला, उठेना. तेवढ्यात वरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई उतरत आली. साठीची तरी असेल, पायात प्लास्टिकची चप्पल. "इकडं कोठी चाल्ले जी? महादेव तं तिकडं राह्यला!" मोळी न उतरवताच ती वळली आणि आडवं चालत आम्हाला जत्रेच्या वाटेवर आणून सोडलं. आम्ही मागे पडलो की थांबायची. मी पैसे काढले तर म्हणाली, "पोट्ट्याले पानी पाजा आधी," आणि गेली.

गुहेत गार होतं. वरून पिंडीवर पाणी ठिबकत होतं. भस्मासुराच्या भीतीने महादेव इथे लपले आणि भुयारातून थेट पचमढीला निघाले, ही आजीची गोष्ट मी पोरांना सांगितली. धाकट्याने लगेच विचारलं, "मग आपणपण भुयारातूनच जाऊ ना, पप्पा?"

उतरून बागेत यायला पाच वाजले. बाबा गोवऱ्यांच्या आरात रोडगे फिरवत बसले होते, चुलीवर वांग्याची भाजी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, नुसतं खात होतो. तिसऱ्या रोडग्यानंतर मी बाबांना म्हटलं, लहानपणी तर काहीच त्रास झाला नव्हता.

"तू कोठी चढला?" बाबांनी तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. "नाल्यापासून माह्या खांद्यावर होता तू. माह्या कानाले धरून झोपला होता."

बायको हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मी रोडग्यात तूप ओतत राहिलो. मला त्या डोंगरावरून दिसलेली माणसांची डोकी आठवत होती. खूप डोकी, सगळी माझ्या खाली. सहा वर्षांच्या पोराला ती खाली कशी दिसतील, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. बाबांच्या खांद्याकडे बघितलं. शालीखाली तो आता नुसता हाडाचा कोपरा झालाय.

"भाच्याले बी ताण बसला," मामाजी म्हणाले. "आता फुलते का पाहू."

आज सकाळी शेतावरच्या संडासात उकिडवं बसताना मांड्यांनी जो आवाज काढला, तो लिहिण्यासारखा नाही. गाडीत संत्र्यांचं कॅरेट ठेवलं, तंबू मामाजींकडेच राहू दिला, जागलीला कामी येईल म्हणून. निघताना मामाजी पुन्हा वाकले, माझ्या पायांशी थबकले आणि दोन्ही अंगठ्यांवरचे फोड बघून खालूनच म्हणाले, "थांब बाप्पा, आधी हळद आणतो."